पोटासाठी कान टोचायचे, पण कोणाकडून?

पोटदुखीवर कानाला विजेचे सौम्य झटके द्यायचे, हा उपाय थाप नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून मी यंत्राच्या विरोधात आहे असं काहींना वाटेल. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाइकं मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, ह्या तुमच्याकडे गावता काय?" स्क्रीनवर कानाला लावलेली क्लिप, शेजारी हसरा चेहरा आणि आयबीएस कायमचा बरा करण्याचा वायदा. त्यातलं 'कायमचा' सरळ खोटं आहे. बाकीच्यात तथ्य आहे, पण ते किती, कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, याचा हिशोब जाहिरातवाला मांडणार नाही, आणि आपणही त्याला विचारत नाही.

माझं म्हणणं असं. यंत्रासाठी पैसे मोजायचेच असतील तर यंत्रामुळे जेवढा जास्तीचा गुण येतो तेवढ्याचेच मोजावेत. उरलेला गुण, आणि तो बराच मोठा आहे, नीट तपासणाऱ्या आणि ऐकून घेणाऱ्या डॉक्टरमुळे येतो. तो कोकणातल्या माणसाला सरकारी दवाखान्यात मिळायला हवा. आज तिथे तो मिळत नाही, म्हणून तर क्लिपवाल्याचं फावतं.

आधी रोगाबद्दल. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, असलेला माणूस माझ्या काउंटरवर 'गॅस'वाला म्हणून येतो. कळ येते, पोट फुगतं, कधी चार वेळा जावं लागतं तर कधी दोन दिवस पोट साफ होत नाही, गेलं की जरा बरं वाटतं. डॉक्टरांचा २०१६ सालचा 'रोम-४' नावाचा निकष सांगतो की गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलेलं असावं, दुखण्याचा संबंध शौचाशी, ती किती वेळा होते त्याच्याशी आणि कशी होते त्याच्याशी, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टींशी असावा, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. निकषात मात्र जगणं येत नाही. कोल्हापूरला लग्नाला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून जेवण बंद करणारी बाई निकषात नाही. करूळ घाटात एसटी थांबवायला सांगायची लाज वाटते म्हणून लग्नच टाळणारा माणूसही नाही. अशी माणसं जगात थोडी नाहीत. रोम-४ लावून अनेक देशांत झालेल्या इंटरनेट पाहणीत शंभरातली साधारण चार या व्याख्येत बसली.

आणि रिपोर्ट? सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, रक्त नॉर्मल. हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण होतो तो अपमान. एक मावशी फाइल काउंटरवर आपटून म्हणाल्या होत्या, "रिपोर्टात कायच नाय, मगे माका दुखता खय?" याहून नेमका प्रश्न मी पोटाच्या डॉक्टरांच्या व्याख्यानातही ऐकलेला नाही. घरचे सांगतात, मनाचे खेळ आहेत. डॉक्टर सांगतात, टेन्शन घेऊ नका. दोघांच्या म्हणण्याचा अर्थ रुग्णाच्या लेखी एकच: तू खोटं बोलतेस.

मज्जातंतूंना वीज देण्याच्या या उपचाराचं पहिलं श्रेय इथे आहे. दुखतं ते खरंच दुखतं, असं गृहीत धरून तो सुरू होतो. १९७३ साली रिची नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून तो फुगवला. ६० मिलिलिटरपर्यंत फुगवल्यावर निरोगी लोकांतल्या शंभरात सहाच जणांना दुखलं, आयबीएसवाल्यांत ५५ जणांना. फुगा तोच, दुखणं वेगळं. आतडं फाटलेलं नाही, सुजलेलं नाही, त्याला गाठ नाही. त्याच्याकडून येणारा साधा निरोपसुद्धा वर पोहोचेपर्यंत दुखणं होऊन जातो. राखणीचा कुत्रा चोरावर भुंकावा तसा रोजच्या पोस्टमनवरही भुंकू लागला की कुत्र्याला खोटारडा म्हणून भागत नाही, त्याची सवय मोडावी लागते.

हे निरोप नेणारी एक मोठी वाट म्हणजे व्हेगस, मेंदूतून निघणारी दहावी नस. ती गळ्यातून, छातीतून उतरत पोटापर्यंत जाते. मेंदू तिच्यावाटे आतड्याला हुकूम सोडतो असं आपण समजतो, पण तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू उलट्या दिशेने, पोटाकडून मेंदूकडे खबर नेतात. या नसेची एक बारीक फांदी कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागात आणि कानाच्या नळीत येते. खात्री करायची असेल तर आठवून पाहा, कान कोरताना काहींना अचानक खोकला येतो. तो व्हेगसचाच प्रताप. पोटातल्या नसेला हात घालायचा तर शस्त्रक्रिया लागते, कानातल्या फांदीला मात्र बाहेरून गाठता येतं, एवढीच यामागची युक्ती. व्हेगसला वीज देणं नवंही नाही. मानेत नसेला तार गुंडाळून छातीत यंत्र बसवायला अमेरिकेत फेफऱ्यासाठी १९९७ सालीच परवानगी मिळाली.

आता पुरावा. इथे जरा रेंगाळते, कारण सगळा वाद इथेच मिटतो किंवा पेटतो.

जून २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, आयबी-स्टिम नावाच्या यंत्राला बाजारात यायला वाट करून दिली. कोणासाठी? ११ ते १८ वर्षांच्या, आयबीएसमुळे पोट दुखणाऱ्या मुलांसाठी, आणि तेही इतर उपचारांच्या जोडीने. यंत्र कानामागे चिकटतं, त्याच्या सुयांसारख्या टोकांतून कानाच्या आजूबाजूच्या मज्जातंतूंना बारीक वीज जाते. आठवड्यातले पाच दिवस ते अंगावर राहतं, असे तीन आठवडे. परवानगी देताना एफडीएने ज्या मुलांचे आकडे पाहिले ती ५० होती. त्यातल्या २७ जणांना खरं यंत्र लावलं होतं आणि २३ जणांना दिसायला तसंच पण वीज नसलेलं. तीन आठवड्यांनी, नेहमीचं दुखणं किमान ३० टक्क्यांनी कमी झालं असं सांगणारे खऱ्या यंत्राच्या गटात ५२ टक्के होते. खोट्या यंत्राच्या गटात ३० टक्के. सर्वांत वाईट दुखण्याच्या बाबतीत आकडे ५९ आणि २६.

यंत्र विकणारा ५२ सांगेल. यंत्राला नावं ठेवणारा म्हणेल, बघा, निम्म्यांना गुण नाही. दोघेही महत्त्वाचा आकडा गाळतात, तो ३० चा. वीजच नव्हती आणि तरी शंभरातल्या तीस मुलांचं दुखणं उतरलं. त्यांना काय मिळालं होतं? कोणीतरी त्यांचं दुखणं खरं मानलं, आईवडिलांच्या देखत कानाला काहीतरी लावलं, दर आठवड्याला बोलावलं, विचारलं, लिहून घेतलं. यंत्राची स्वतःची कमाई ५२ वजा ३०, म्हणजे २२. साधारण चार-पाच मुलांना यंत्र लावावं तेव्हा एकाला ते यंत्रामुळे लाभतं. पोटाच्या या दुखण्यात हा आकडा वाईट मुळीच नाही. बाजारातल्या काही महागड्या गोळ्यांना तो हेवा वाटण्यासारखा आहे. पण प्रत्यक्ष माणसं मोजा. ५२ टक्के म्हणजे २७ पैकी १४, आणि ३० टक्के म्हणजे २३ पैकी ७. दोन-तीन मुलांनी वेगळं उत्तर दिलं असतं तर चित्र हललं असतं. चाळिशीतल्या मालवणच्या बाईला यातून काय मिळेल, याबद्दल हा अभ्यास चकार शब्द बोलत नाही.

इतरत्रही प्रयत्न झालेत. चीनमध्ये बद्धकोष्ठाच्या आयबीएसवर सुया न टोचता, नुसती कानाच्या कातडीवरून वीज देऊन चार आठवडे प्रयोग झाला. २०२१ साली त्याचे निकाल आले, रुग्ण होते ४२, दुखणं आणि बद्धकोष्ठ दोन्ही सुधारलं. डेन्मार्कमध्ये माकडहाडाजवळच्या नसेला तार जोडून यंत्र शरीरात बसवून पाहिलं, तिथेही थोड्या रुग्णांत बरे निकाल दिसले, पण ती शस्त्रक्रिया आहे आणि ती नेमक्या निवडलेल्या रुग्णांपुरतीच आहे. सगळीकडे चित्र सारखंच: आशा खरी, रुग्ण थोडे, मुदत आठवड्यांची. आयबीएस वर्षानुवर्षं चालतो.

दुष्परिणाम किरकोळ दिसले, हेही सांगायला हवं. एफडीएने पाहिलेली ५० मुलं ज्या अभ्यासातली, त्यात एकूण ११५ मुलं होती. त्यांपैकी सहा जणांना कानाशी त्रास झाला, तिघांना चिकटपट्टीची ॲलर्जी, आणि एकाला सुईच्या भीतीने भोवळ आली. रक्त न गोठण्याचा आजार, हृदयात पेसमेकर किंवा सोरायसिस असेल तर हे यंत्र लावायचं नाही. मला मात्र दुकानदार म्हणून वेगळीच शंका येते. आमच्याकडे मे महिन्यात साधी बँडेडची पट्टी दुपारपर्यंत घामाने सुटते. खाऱ्या हवेत, विहिरीवर, होडीवर, काजूच्या बागेत काम करणाऱ्याच्या कानामागे हे पाच-पाच दिवस कसं टिकायचं? प्रयोग अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या आसऱ्याने झाला होता. म्हणूनच तो इथे व्हायला हवा, पण त्याबद्दल पुढे.

त्या ३० च्या आकड्याकडे परत येते, कारण त्यावर वेगळा अभ्यासच झाला आहे. २००८ साली हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएसच्या २६२ रुग्णांवर एक खट्याळ वाटावा असा प्रयोग केला. एका गटाला नुसतं प्रतीक्षा यादीवर ठेवलं. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर दिलं, म्हणजे कातडीत न शिरणाऱ्या सुया, आणि डॉक्टरने जेमतेम कामापुरतं बोलायचं. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण डॉक्टरने वेळ द्यायचा, दुखणं कसं, कधीपासून, घरी काय चाललंय हे विचारायचं, विश्वासाने बोलायचं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. तिन्ही गटांत नवं औषध शून्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक निव्वळ बोलण्याचा, तो १८. यंत्रातल्या विजेची कमाई २२. हे दोन वेगळे अभ्यास, वेगळ्या वयाचे रुग्ण, वेगळी मापं. त्यांची शेजारी शेजारी वजाबाकी करणं शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. पण पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्याने दोन्ही आकडे पाहिले नाहीत तर तो आंधळा ठरेल.

आता आमच्याकडे हा 'तिसऱ्या गटाचा' डॉक्टर कुठे आहे? २०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी २२ मिनिटांच्या वर, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात साधारण दोन मिनिटं. दोन मिनिटांत आयबीएसचं निदान होत नाही, पॅन्टोप्राझोलची चिठ्ठी होते. ती चिठ्ठी माझ्याकडे येते. ॲसिडिटीची गोळी, गॅसची गोळी, जंताची गोळी आणि टॉनिक. त्याने बरं वाटत नाही, मग सावंतवाडी, मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, मग मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करून 'फुल बॉडी'. प्रत्येक ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून. रत्नागिरीकडचा माणूस आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. या सगळ्या खर्चातला बहुतेक खर्च महात्मा फुले योजनेत बसत नाही, कारण ती मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे, आणि आयबीएसवाला दाखल होत नाही. तो नुसता येत राहतो.

अशा माणसाला कोणी क्लिप दाखवली तर तो घेणारच. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण क्लिप घेण्याआधी त्याला तीन-चार गोष्टी मिळायला हव्या होत्या, आणि त्या स्वस्त आहेत. पहिली, इसबगोल. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून जगभर जातो तोच भुसा. आयबीएसमध्ये पाण्यात विरघळणाऱ्या चोथ्याचा, म्हणजे फायबरचा, उपयोग होतो हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. गव्हाचा कोंडा मात्र काहींचं पोट अधिक फुगवतो, हे सांगायला सहसा कोणी थांबत नाही. दुसरी, ॲमिट्रिप्टिलिन नावाची गोळी. इंग्लंडमध्ये मोठ्या हॉस्पिटलांत नव्हे, साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत ४६३ रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. १० मिलिग्रॅमपासून सुरू करून फार तर ३० पर्यंत, रात्री झोपताना, आणि आयबीएसच्या तक्रारी खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट कमी झाल्या. ही जुनी, पेटंट कधीच संपलेली, देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतली गोळी आहे.

तीही इथे फसते, आणि कशी ते मी काउंटरवरून पाहते. कोणीतरी जाणता डॉक्टर लिहून देतो, समजावून सांगायला त्याला वेळ नसतो. घरी गेल्यावर मुलगा मोबाइलवर नाव टाकतो, डिप्रेशनची गोळी असं येतं. दुसऱ्या दिवशी पाकीट परत. "ताई, ही डोक्याची गोळी मां? माका पोटाची होयी." मग मी सांगते की डोक्यासाठी देतात तो डोस याच्या कितीतरी पट असतो, इथे ती पोटाकडून वर जाणारी दुखण्याची खबर मंदावते, तोंड कोरडं पडेल, सकाळी थोडी सुस्ती येईल, बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही जणी पाकीट परत घेऊन जातात. म्हणजे नसेवर काम करणारा एक उपाय आमच्याकडे कधीचाच आहे, तो समजावून द्यायला माणूस नाही. उद्या यंत्र आलं तर ते समजावून द्यायला माणूस कुठून येणार?

तिसरी गोष्ट ताट. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने २००५ च्या सुमारास मांडलेली पद्धत सांगते की काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात, वायू करतात, पाणी ओढतात, आणि हळव्या आतड्याला तेवढं पुरतं. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, काजू, पिकलेला आंबा हे त्या यादीतले. भात, मासे, अंडी नाहीत. कोकणी माणसाने ही यादी वाचून जरा हसावं. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा सोडून आपण सकाळी चहाबरोबर बटर-खारी आणि पाव धरला, आणि आता ऑस्ट्रेलियातून निरोप येतोय की पेज बरी होती. अर्थात आमच्या वाटपात कांदा-लसूण पोतंभर, आणि कुळथाची पिठी कडधान्याचीच, तेव्हा आजीच्या स्वयंपाकाला सर्टिफिकेट द्यायची घाई नको. शिवाय ही बंधनं चार-सहा आठवड्यांपुरतीच पाळायची असतात, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते शोधायचं. हे सांगणारा आहारतज्ज्ञ नसेल तर बाई आंबा, काजू, दूध, डाळ सगळं जन्मभर सोडते आणि वाळते. तशाही बायका मला माहीत आहेत.

सगळ्यात आधी यायला हवं ते निदान. क्लिपची भीती मला झटक्यामुळे वाटत नाही, उशिरामुळे वाटते. वजन उतरणं, शौचातून रक्त, पांडुरोग, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, यातलं काहीही असेल तर तो आयबीएस समजायचा नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून आहे आणि तोही पोटदुखी-जुलाब म्हणूनच सुरू होतो. पन्नाशीच्या पुढच्या बाईला आयबीएससारखा त्रास नव्याने सुरू झाला तर अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी करा, असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. ऑनलाइन मागवलेली क्लिप हे विचारत नाही. ती कानाला लागते, शंभरातल्या तिसांना बरं वाटतंच, आणि गाठ वाढत राहते.

माझ्या या बोलण्यावर एक तरुण डॉक्टर चिडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोक असेच. कोकणात प्रत्येक गोष्ट शेवटी येते. रेल्वे शेवटी आली, मेडिकल कॉलेज शेवटी आलं, आता नवा उपचारही मुंबईकरांनी वापरून जुना झाल्यावर येऊ दे म्हणा." त्यांचा राग रास्त आहे. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ उजाडलं. माझं त्यांना उत्तर एवढंच की मग शेवटी येऊ नये म्हणून विकत घेण्याऐवजी पडताळणीत पहिले व्हा. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरीत आहे. कातडीवरून वीज देणारी साधी यंत्रं फिजिओथेरपीवाल्यांकडे कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं आहेत, ते तंत्र इथे परकं नाही. प्रौढ रुग्ण घ्या, निम्म्यांना खरी वीज आणि निम्म्यांना वीज नसलेलं तसंच यंत्र, सहा महिने पाठपुरावा, आणि चाचणीची आधीच देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद, जी २००९ पासून सक्तीची आहे. निकाल 'गुण नाही' असा आला तरी तो छापा. हे होईपर्यंत कोणी रुग्णाकडून पैसे घेऊन हे करत असेल तर तो प्रयोगच करतोय, फक्त नोंद न ठेवता आणि खर्च रुग्णाच्या माथी मारून.

कायदाही अगदीच लुळा नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी यंत्रांचे धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग केले, आणि एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांसारखी कायद्याखाली आली. म्हणजे आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या यंत्राला परवाना लागतो. 'वेलनेस'चं यंत्र म्हणून विकायचं आणि व्हिडिओत आयबीएस बरा होतो म्हणायचं, ही त्यातली पळवाट, आणि अन्न व औषध प्रशासनाने ती बुजवावी. आमच्यासारख्या दुकानांत येऊन फ्रिजचं तापमान बघतात, उत्तम आहे, तसं मोबाइलवरही बघावं.

मध्येच एक गंमत. हे यंत्र आलं म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर आपोआप फिरू लागलं की आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणून तर कान टोचायचे आणि भिकबाळी घालायचे. भिकबाळी घालणाऱ्यांची पोटं बरी होती याचा पुरावा मला कोणी दाखवावा. कान सोनारानेच टोचावा ही म्हण मात्र इथे चपखल बसते; सोनार कोण, एवढंच ठरवायचं आहे.

यंत्राच्या चर्चेत एक बाजू कायमच हरवते, ती म्हणजे हा आजार लागतो कुठून. सगळ्यांचा नव्हे, पण बऱ्याच जणांचा आयबीएस एका जोरदार जुलाबानंतर सुरू होतो. जंतुसंसर्गाने जुलाब झालेल्या दहांतल्या एकाच्या मागे तो लागतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये गावाच्या नळाच्या पाण्यात गुरांच्या शेणातले जंतू शिरले, सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर जे तेव्हा खरोखर आजारी पडले होते त्यांच्यात आयबीएस ३६ टक्के, जे सुटले त्यांच्यात १०. हे वाचताना मला आमचे पावसाळ्यातले दिवस दिसतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस, गढूळ विहिरी, शेजारी शौचालयाचा खड्डा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुकानातून ओआरएसच्या पुड्या संपतात ते. जांभा दगड पाणी झरझर पाझरवतो, चांगलं आणि वाईट दोन्ही. ग्रामपंचायतीने विहिरीत ब्लिचिंग पावडर वेळेवर टाकली तर काही कानांना पुढे क्लिप लागणारच नाही. या उपायाचा व्हिडिओ कोणी करत नाही.

आणि शौचालय. मासळी बाजारात पहाटेपासून दुपारपर्यंत बसणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, कारण जायला जागा नाही किंवा आहे तिथे दाराला कडी नाही. जुलाबाचा आयबीएस असलेली बाई त्या पाटीमागे सहा तास कशी बसते? ती बसतच नाही, धंदा सुनेकडे देते आणि घरात 'आजारी' ठरते. तिला नसेचा उपचार द्या, जरूर द्या, चाचणीत तिला पहिली घ्या. पण बसस्टँडवर, बाजारात, महामार्गावर पाणी आणि कडी असलेलं शौचालय हा तिच्या उपचाराचा भाग आहे, आणि त्याला कोणत्याही चाचणीची गरज नाही.

तोवर कोणी गावात शिबिर लावून कानाला यंत्र लावायला आलाच, तर हॉलचं भाडं ठरवण्याआधी सरपंचांनी त्याला चार गोष्टी विचाराव्यात. उपकरणाचा परवाना कुठल्या वर्गाचा आणि कोणत्या आजारासाठी? लावण्याआधी रुग्ण कोणता डॉक्टर तपासणार, आणि पेसमेकर, रक्तस्राव, सोरायसिस विचारणार का? वीज नसलेल्या यंत्राशी तुलना करून तुमच्याकडे प्रौढांचे कोणते आकडे आहेत? आणि तीन आठवड्यांनी दुखणं परत आलं तर तुम्ही कुठे भेटाल?